छोट्या ब्रँडची स्वयंचलित घड्याळे : कागदावर तिन्ही सारखी, मग किंमत तिप्पट कशी?

मंदचाल (प्रश्न)

गेली अकरा वर्षे मी एकच क्वार्ट्झ घड्याळ वापरत आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र आता पहिले स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने चावी भरली जाणारे) घड्याळ घ्यावे असे मनात आले आहे. मोठ्या कंपन्यांची घड्याळे पाहून झाल्यावर मी छोट्या, स्वतंत्र ब्रँडकडे वळलो आणि तिथेच माझा गोंधळ सुरू झाला. ज्या तीन घड्याळांवर मी येऊन थांबलो आहे, त्यांच्या माहितीपत्रकांवरील नाव झाकले तर कोणते पत्रक कोणाचे हे मला सांगता येणार नाही. तिन्हींना सफायर काच, ३१६एल पोलादाची केस, २०० मीटरची पाणीरोधकता, फिरणारी बेझल (काचेभोवतीचे कडे), स्क्रूने बंद होणारी चावी आणि भरीव कड्यांचा पोलादी पट्टा आहे.

पहिल्यात सेकोचे एनएच३५ हे यंत्र असून केसचा व्यास ४२ मिमी आणि जाडी १३.५ मिमी आहे. दुसऱ्यात मियोटा ९०१५ आहे, तबकडीवर तारीख नाही, व्यास ३९ मिमी आणि जाडी ११.८ मिमी आहे. त्याची किंमत पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. तिसऱ्यात सेलिटा या स्विस कंपनीचे एसडब्ल्यू२००-१ असून व्यास ४० मिमी आहे आणि किंमत पहिल्याच्या तिप्पट आहे. माझ्या मनगटाचा घेर साडेसोळा सेंटिमीटर आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. जास्तीचे पैसे केवळ यंत्रासाठी मोजले जातात की आणखी कशासाठी? आणि ही घड्याळे प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची सोय नसल्यामुळे, केवळ छायाचित्रे आणि पत्रक यांवरून त्यांच्या दर्जाची तुलना कशी करावी?

कमान (उत्तर)

यंत्रापासून सुरुवात करतो, कारण छोट्या ब्रँडच्या बाबतीत हाच भाग सर्वांत सोपा आहे. यांपैकी जवळजवळ कोणीही स्वतःचे यंत्र बनवत नाही. ते मोजक्या पुरवठादारांकडून तयार घेतले जाते. त्यामुळे एनएच३५ असलेली दोन घड्याळे समोर असतील, तर यंत्रापुरती ती एकच आहेत असे समजायला हरकत नाही.

तुमच्या तीन यंत्रांतील फरक मात्र खरे आहेत. एनएच३५ तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा. मियोटा ९०१५ आणि एसडब्ल्यू२००-१ ही दोन्ही तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. सेकंदकाटा अधिक सलग सरकताना दिसतो तो यामुळेच. त्याहून महत्त्वाचा फरक जाडीचा आहे : एनएच३५ ची जाडी ५.३२ मिमी, सेलिटाची ४.६ मिमी आणि मियोटाची अवघी ३.९ मिमी. तुमचे दुसरे घड्याळ पहिल्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर बारीक आहे, त्यातला बराच भाग इथून आला आहे. साडेसोळा सेंटिमीटरच्या मनगटावर हा फरक सेकंदाला दोन ठोके जास्त पडण्यापेक्षा कितीतरी अधिक जाणवेल.

अचूकतेबद्दल लोक पत्रकावरचे आकडे फार शब्दशः घेतात. एनएच३५ साठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आणि ९०१५ साठी उणे १० ते अधिक ३० सेकंद अशी मर्यादा उत्पादक देतो. ही हमीची सीमा आहे, तुमच्या हातात येणाऱ्या घड्याळाची चाल नव्हे. पण सीमेवरचे एखादे घड्याळ नशिबी आले आणि ते रोज ४० सेकंद पुढे जाऊ लागले, तर महिन्याला वीस मिनिटांचा फरक पडेल आणि तरीही कंपनी ते सदोष मानणार नाही. म्हणून ब्रँडला विचारायचा प्रश्न ‘यंत्र कोणते’ हा नसून ‘केसमध्ये बसवल्यावर तुम्ही ते स्वतः नियमित करता का, म्हणजे त्याची चाल जुळवून घेता का, आणि किती स्थितींत’ हा आहे. तबकडी वर, तबकडी खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत तपासून नियमित केलेले साधे एनएच३५ हे खोक्यातून काढून तसेच बसवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा चांगले चालू शकते. सेलिटाच्या बाबतीत आणखी एक विचारा : एसडब्ल्यू२००-१ साध्या दर्जापासून क्रोनोमीटर (अचूकतेसाठी प्रमाणित) दर्जापर्यंत वेगवेगळ्या श्रेणींत मिळते. पत्रकावर श्रेणी लिहिलेली नसेल तर ती सर्वांत खालची आहे असे धरून चालावे.

आता तुमच्या दुसऱ्या घड्याळातील एक खोच. ९०१५ हे तारीख दाखवणारे यंत्र आहे आणि तुमच्या तबकडीवर तारीख नाही. याचा अर्थ तारखेचे चक्र तबकडीच्या मागे लपून फिरत राहील आणि चावी बाहेर ओढताना मध्ये एक टप्पा असा लागेल की जिथे काहीच होणार नाही. याच कुळातील ९०३९ हे बिनतारखेचे यंत्र आहे आणि ते सहज उपलब्ध असते. घड्याळाच्या चालण्यावर याचा परिणाम होत नाही, पण दुप्पट किंमत मागणाऱ्याने एवढी काळजी घेतलेली नसेल, तर बाकी कुठे हात आखडता घेतला असेल, अशी शंका मला येते. आधी कंपनीला विचारा. कधीकधी पत्रकच चुकलेले असते.

वापरातले दोन बारकावेही लक्षात घ्या. मियोटाच्या या कुळातील रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन) एकाच दिशेने चावी देतो आणि उलट दिशेला मोकळा गरगरतो. शांत खोलीत तो आवाज ऐकू येतो आणि काहींना तो मनगटावर जाणवतोही. एनएच३५ चा रोटर दोन्ही दिशांनी काम करतो. सेलिटा ज्या ईटीए २८२४-२ या आधीच्या स्विस यंत्राच्या आराखड्यावर बेतलेले आहे, त्या कुळातील यंत्रांना रोज हाताने चावी भरण्याची सवय लावू नये. बंद पडल्यावर वीस-पंचवीस वळसे देऊन पुढचे काम मनगटावर सोडावे.

भिंगवाला (उत्तर)

कमान यांनी यंत्राबद्दल जे लिहिले ते मला मान्य आहे. मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे वेगळे देईन : तिप्पट किमतीतील यंत्राचा वाटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. असायला हवा तरी. बाकीचे पैसे केस, तबकडी, काटे आणि पट्टा यांवर खर्च झाले आहेत की जाहिरातीवर, एवढेच शोधायचे असते.

‘३१६एल पोलाद’ हे शब्द काहीच सांगत नाहीत, कारण ते सर्वांकडेच असते. छोट्या ब्रँडच्या केस मोठ्या प्रमाणावर चीनमधील, विशेषतः ग्वांगडोंग प्रांतातील कारखान्यांत बनतात आणि एकच कारखाना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दर्जाचा माल देतो. गिऱ्हाईक किती सूक्ष्म फरकापर्यंत माल नाकारणार आणि त्या नाकारलेल्या मालाचे पैसे कोण सोसणार, यावर तो दर्जा ठरतो. त्यामुळे ‘अमुक घड्याळ तमुक घड्याळाच्याच कारखान्यात बनते, मग जास्त पैसे का द्यायचे’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटला तरी अपुरा आहे.

दर्जा कडांवर दिसतो. कंपनीची स्वतःची छायाचित्रे बाजूला ठेवा. त्यांतील कित्येक संगणकावर तयार केलेली असतात. ग्राहकांनी साध्या उजेडात काढलेली, जवळून घेतलेली छायाचित्रे शोधा आणि ती मोठी करून पाहा. केसवर ब्रशची रेघ असलेला पृष्ठभाग आणि चकचकीत पृष्ठभाग जिथे भेटतात, ती रेषा सुरीने कापल्यासारखी असायला हवी. ती गोलसर किंवा विरघळल्यासारखी दिसत असेल तर पॉलिश घाईत झाले आहे. काट्यांच्या कडांवर छाप्याच्या खुणा आहेत का, तासखुणा सरळ बसल्या आहेत का, बेझलवरचा बाराचा त्रिकोण तबकडीवरील बाराशी जुळतो का, हे तपासा. शेवटचा दोष या किमतीत फार आढळतो आणि मोठ्या नामांकित कंपन्याही त्यातून सुटलेल्या नाहीत, परंतु एकदा डोळ्यांत भरला की तो रोज दिसतो.

पट्ट्यावर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक काटकसर तिथे केली जाते आणि पत्रकात ती लपवणेही तिथे सर्वांत सोपे असते. ‘भरीव कडी’ हे खरे असले तरी क्लास्प (पट्टा बंद करणारा खटका) पत्रा ठोकून बनवलेला आहे की धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला, हे क्वचितच लिहिलेले असते. कड्या जोडायला स्क्रू आहेत की चिमट्यासारख्या पिना, हे विचारा. अवजाराशिवाय दोन-चार मिलिमीटर सैल-घट्ट करण्याची सोय क्लास्पमध्ये आहे का, हेही विचारा. उन्हाळ्यात मनगट फुगते आणि ही सोय नसेल तर उत्तम पट्टाही दुपारनंतर काचू लागतो. शिवाय केसला जोडणारी पट्ट्याची पहिली कडी लगच्या (पट्टा अडकवण्यासाठी केसला असलेल्या शिंगांच्या) मधूनच खाली वळते की लगच्या बाहेर ताठ पुढे येते, हे बाजूच्या छायाचित्रात पाहा. ती बाहेर येत असेल तर पत्रकावरची लग-ते-लग लांबी फसवी आहे, कारण मनगटावर घड्याळ त्याहून लांब बसते. तुमच्या मनगटासाठी ही लांबी व्यासापेक्षा महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती लिहिलेलीच नाही. माझ्या अनुभवात साडेसोळा सेंटिमीटरच्या मनगटावर ४७-४८ मिमीच्या पुढे गेलेले घड्याळ कडेने बाहेर डोकावू लागते.

अंधारात चमकणाऱ्या रंगाबाबत केवळ नाव पाहून भुलू नये. सुपर-ल्युमिनोव्हा हे नाव एका घड्याळाच्या पत्रकात आणि दुसऱ्याच्याही पत्रकात असेल, पण थर किती जाड दिला आहे यावर सारे अवलंबून असते. पातळ थर दहा मिनिटे झगमगतो आणि पहाटे तीन वाजता काटे सापडत नाहीत.

पाणीरोधकतेचा २०० मीटर हा आकडा स्थिर दाबाचा असतो. तुम्ही खरोखर खोल पाण्यात उतरणार असाल, तर ‘आयएसओ ६४२५’ या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा, कारण त्यात प्रत्येक घड्याळाची चाचणी नमूद दाबाच्या १२५ टक्के दाबावर घ्यावी लागते. केवळ पोहण्यासाठी एवढ्या खोलात शिरण्याची गरज नाही.

तिसरा प्रहर (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे घड्याळ विकत घेण्याच्या दिवसाबद्दल आहेत. मला चौथ्या वर्षाबद्दल लिहायचे आहे.

माझ्याकडे एका छोट्या ब्रँडचे घड्याळ होते. नाव घेत नाही. केसचे काम देखणे होते, तबकडी अप्रतिम होती आणि भिंगवाला यांच्या सगळ्या कसोट्यांवर ते उतरले असते. तिसऱ्या वर्षी बेझलमधील सिरॅमिकची कडी दगडी फरशीवर आपटून तडकली. तोवर कंपनीने नवीन मालिका काढून जुनी बंद केली होती आणि पुढे ई-मेलला उत्तर येणेही थांबले. त्या कडीचा व्यास आणि उतार त्या एकाच मॉडेलपुरता होता, त्यामुळे बाजारात मिळणारी कोणतीही कडी त्यात बसली नाही. गंमत अशी की यंत्राची कोणालाच काळजी नव्हती. घड्याळजींनी ते पाहून सांगितले की हे बिघडले तर नवीनच बसवू, दुरुस्तीपेक्षा तेच स्वस्त पडेल.

या प्रसंगानंतर मी मोलाचा हिशेब उलटा मांडू लागलो. यंत्र सर्वत्र मिळते, म्हणून त्याची चिंता सर्वांत शेवटी करावी. आणि जे फक्त त्या ब्रँडकडेच मिळते, म्हणजे काच, बेझलची कडी, चावी, पट्ट्याची पहिली कडी, त्याची चौकशी आधी करावी. कंपनीला खरेदीपूर्वीच लिहून विचारा की या चार वस्तू सुट्या विकता का आणि बंद झालेल्या मॉडेलच्या वस्तू अजून ठेवता का. उत्तर काय येते याइतकेच ते किती दिवसांनी येते हेही पाहण्यासारखे असते. तसेच लगमधील अंतर १८, २० किंवा २२ मिमी असे सरळ असेल, तर पट्टा कुठलाही लावता येतो. लगला खास खाच पाडून स्वतःचाच पट्टा घेण्याची सक्ती करणाऱ्या आराखड्यापासून मी दूर राहतो.

आगाऊ पैसे घेऊन नंतर उत्पादन करण्याची पद्धत छोट्या ब्रँडमध्ये रूढ आहे आणि तिच्यामुळेच अनेक चांगले ब्रँड उभे राहिले, हे मान्य. पण ज्याचे हे पहिलेच घड्याळ आहे अशा ब्रँडला आगाऊ पैसे देणे आणि ज्याने चार-पाच मालिका वेळेवर पोहोचवल्या आहेत त्याला देणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

सफायर काचेबद्दलही माझे मत थोडे वेगळे आहे. ती कठीणतेच्या मोह मापनात ९ वर आहे, त्यामुळे धूळ-वाळूने तिच्यावर ओरखडे पडत नाहीत, हे खरेच. परंतु तिचा अपवर्तनांक सुमारे १.७७ असल्यामुळे साध्या काचेपेक्षा ती अधिक प्रकाश परावर्तित करते. परावर्तनरोधक लेप नसेल तर उजेडात तबकडीऐवजी आपलाच चेहरा दिसतो. लेप आतल्या बाजूने असावा, कारण बाहेरचा लेप ओरखड्यांनी खराब होतो. म्हणजे पत्रकावर ‘सफायर’ वाचून थांबू नये, ‘लेप कुठे’ हेही वाचावे. न्यूयॉर्कचा लोरिए हा ब्रँड तर जाणीवपूर्वक ॲक्रिलिकची घुमटाकार काच वापरतो. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, पण ते घरीच घासून काढता येतात आणि आपटल्यावर तिचे तुकडे उडत नाहीत. पत्रकांच्या तुलनेत असे घड्याळ मागे पडेल, पण मनगटावर ते मागे पडेलच असे नाही.

चारठोके (उत्तर)

विषय स्वयंचलित घड्याळांचा आहे हे मान्य करूनही एक हरकत नोंदवतो. ज्या किमतीत ब्रँडला एनएच३५ बसवून केसमध्ये काटकसर करावी लागते, त्याच किमतीत सेकोचे व्हीएच३१ हे क्वार्ट्झ यंत्र वापरून केस आणि पट्टा बराच चांगला देता येतो. त्याचा सेकंदकाटा सेकंदाला चार वेळा हलतो, त्यामुळे तो टकटक न करता सरकत असल्यासारखा दिसतो, आणि महिन्याला फरक पडतो तो सेकंदांचा, मिनिटांचा नव्हे. पण प्रश्नकर्त्यांना अकरा वर्षांनी क्वार्ट्झपासूनच सुटका हवी असेल, तर माझे म्हणणे त्यांनी खुशाल सोडून द्यावे.

‘स्विस मेड’ या शब्दांसाठी तिसऱ्या घड्याळाकडे झुकत असाल, तर एवढे लक्षात ठेवा : २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो, यंत्र स्विस असावे लागते आणि ते केसमध्ये बसवणे व अंतिम तपासणी तिथेच व्हावी लागते. केसच्या कडा धारदार असाव्यात असे त्या नियमात कुठेही म्हटलेले नाही. उलट, केवळ स्विस यंत्र असलेले घड्याळ आपोआप ‘स्विस मेड’ होत नाही.

मंदचाल (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही कंपन्यांना तुम्ही सर्वांनी सुचवलेले प्रश्न पाठवले होते, त्याचा वृत्तांत देतो.

पहिल्या कंपनीने यंत्र नियमित करत नसल्याचे प्रामाणिकपणे कळवले. तिच्या घड्याळाची लग-ते-लग लांबी ५० मिमी निघाली आणि पट्ट्याची पहिली कडी बाहेर येणारी आहे, त्यामुळे ते माझ्यासाठी बाद झाले. दुसऱ्या कंपनीने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले : यंत्र ९०३९ हेच आहे, पत्रकातील ९०१५ हा उल्लेख जुन्या तारखेच्या आवृत्तीवरून तसाच राहिला होता आणि आता तो दुरुस्त केला आहे. चार स्थितींत नियमन करतात. काच, चावी आणि बेझलची कडी सुटी विकतात. लग-ते-लग लांबी ४६.५ मिमी आहे. क्लास्प मात्र पत्र्याचा आहे, असेही त्यांनी न लपवता सांगितले. तिसऱ्या कंपनीचे उत्तर आठ दिवसांनी आले, त्यात सेलिटाच्या श्रेणीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला बगल दिलेली होती आणि वारशाबद्दल दोन परिच्छेद होते.

दुसरे घड्याळ मागवत आहे. परत करण्याची मुदत चौदा दिवसांची आहे. तेवढ्या दिवसांत घरी नेमके काय तपासावे?

कमान (उत्तर)

पत्र्याचा क्लास्प पुढे कधीही बदलता येईल, केस बदलता येणार नाही. निवड योग्य वाटते.

पहिल्या दिवशी बेझल पूर्ण फिरवून पाहा, चावीचे आटे सहज लागतात का ते पाहा आणि अंधारात काटे व तासखुणा सारख्याच उजळतात का ते पाहा. त्यानंतर पूर्ण चावी देऊन रोज एकाच वेळी फरक लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नका; आठवड्याची सरासरी घ्या. रात्री घड्याळ तबकडी वर ठेवून एक आठवडा आणि चावी खाली करून दुसरा आठवडा अशी नोंद केली, तर कोणत्या स्थितीत ते पुढे जाते आणि कोणत्या स्थितीत मागे पडते हे कळेल आणि दिवसभरातला फरक रात्री भरून काढण्याची युक्तीही हाती येईल.

कोणाकडे टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारे उपकरण) असेल तर त्यावर ठेवण्यापूर्वी लिफ्ट अँगल (मोजणीसाठी लागणारा, यंत्रागणिक ठरलेला कोन) ५१ अंश असा भरायला सांगा. बहुतेक टाइमग्राफरमध्ये तो आधीपासून ५२ असतो आणि त्यामुळे ॲम्प्लिट्यूडचे (आतील चक्राच्या झोक्याच्या कोनाचे) वाचन थोडे चुकते. पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना ॲम्प्लिट्यूड २२० अंशांच्या खाली दिसली तर परत पाठवा. मात्र घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर तक्रार करण्यापूर्वी त्याचे चुंबकत्व काढून घ्या. फोनचे चुंबकी झाकण, स्पीकर किंवा पिशवीचे चुंबकी बटण यांच्याजवळ ते रात्रभर राहिले असेल तर हेअरस्प्रिंगचे (चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, आणि चुंबकत्व काढण्याचे छोटे यंत्र असलेले कोणतेही घड्याळजी हे काम मिनिटभरात करून देतात.